उमेदवाराला गोत्र मिळालं

अपमान माझा झाला. नागपूरच्या एका बौद्ध मुलीचा, न्यू जर्सीत एम. एस. करणाऱ्या. २००८ सालच्या सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या पूजेला. जागा एडिसनजवळच्या एका प्राथमिक शाळेचा हॉल, गणपतीसाठी भाड्याने घेतलेला. साक्षीदार हॉलभर मराठी माणसं. एकानेही तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही. हे लिहिताना अजून कान गरम होतात ते त्यामुळेच.

मी तिथे पूजेला गेले नव्हते. पूजा मी करत नाही, आमच्या घरात कुणीच करत नाही. कामाला गेले होते. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती आणि अमेरिकन संसदेसाठी उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या प्रचारात मी बिनपगारी राबत होते. पत्रकं हा माझा जुना धंदा. नागपुरात कॉलेजला होते तेव्हा मोर्च्याची पत्रकं लिहायची, छापून आणायची, चौकात उभं राहून वाटायची. इथे आले तर युनिव्हर्सिटीत सरकार आणि धर्म वेगळे ठेवा म्हणणारी पोरं भेटली, त्यांच्यासाठी लिहायला लागले. या उमेदवाराच्या पत्रकावर पहिलीच ओळ होती, प्रत्येकाला आपल्या श्रद्धेचं स्वातंत्र्य. मी भुलले. दुसऱ्यांची पत्रकं वाचताना माणूस एवढा भोळा होतो हे मला माहीत नव्हतं.

प्रचाराच्या ऑफिसात ब्रायन होता. तिशीतला, हसतमुख. त्याचं काम एकच, उमेदवाराला प्रार्थनास्थळांतून फिरवायचं. शनिवारी ज्यूंचं सिनेगॉग, रविवारी दोन चर्च, मधल्या वेळात गुरुद्वारा. मशिदीतही जायचो, पण तेव्हा आमचा फोटोग्राफर गाडीत बसून राहायचा. मी एकदा कारण विचारलं. ब्रायन म्हणाला, तिथे लाइट चांगला नसतो. भर दुपारी.

या देशाच्या घटनेत सरकारला धर्म नाही. आणि व्यवहारात देव नसलेल्या माणसाला कुणी मत देत नाही. हे मला तिथेच कळलं.

गणपतीचा कार्यक्रम मीच जमवला होता. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष काकू राहायला पार्सिपनीच्या, मूळच्या नागपूरच्या. मी नागपूरची म्हटल्यावर त्यांनी मला जवळच केलं होतं. गाडीतून ग्रोसरीला न्यायच्या, पोळ्या बांधून द्यायच्या, आमच्या गावची पोर म्हणून ओळख करून द्यायच्या. इथे सगळे पहिल्या नावाने हाका मारतात. प्रचाराच्या बॅजवरही तेवढंच नाव. आडनाव कुणी विचारलं नाही, सांगायचा प्रसंग आला नाही.

तर पूजा. स्टेजवर रांगेत मंडळाची पाच-सहा माणसं, मध्ये उमेदवार मांडी घालून, त्याच्याशेजारी मी. काय चाललंय ते त्याला इंग्रजीत सांगायला. गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका विमा कंपनीत प्रोग्रॅमिंग करायचे. त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवल्या. माझ्याही. मग संकल्पासाठी एकेकाचं गोत्र विचारत आले. उमेदवारापाशी थांबले. गोत्र म्हणजे काय हे मी त्याला सांगायला लागले, तेवढ्यात गुरुजी हसून म्हणाले, "यांना कुठून माहीत असणार. ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप."

हॉल हसला. टाळ्या पडल्या. ओहायोत वाढलेला, चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला माणूस बसल्या जागी काश्यप गोत्राचा झाला.

गुरुजी माझ्याकडे वळले. "आणि ताई, तुमचं?"

"मला गोत्र नाही. मी बौद्ध आहे."

साधं वाक्य. लहानपणापासून शाळेच्या फॉर्मवर, ट्रेनमधल्या अनोळखी बायकांसमोर, कितीदा तरी बोललेलं. गुरुजींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे.

"आडनाव काय गं तुझं?"

सांगितलं.

मला काश्यप कुणी दिलं नाही. मला ते नकोच होतं, तो भाग वेगळा. पण हातातल्या अक्षता? काकू वाकल्या, एक कागदी प्लेट घेतली आणि माझ्या हाताखाली धरली. स्वतःची बोटं लांब ठेवून. आवाज मात्र गोड. "टाक यात. आणि खाली जाऊन जरा खुर्च्यांचं बघ."

मी टाकल्या. हात घामेजला होता, काही दाणे चिकटून राहिले. ते नखाने काढून मी प्लेटमध्ये टाकले. त्यांचा एकही दाणा माझ्याकडे राहू नये म्हणून. एवढी मी आज्ञाधारक.

उमेदवाराने हळूच विचारलं, काय झालं. मी त्याची दुभाषी होते. त्याला कळेल ते सांगणं हेच माझं काम. मी सांगितलं, खाली मदत हवीय, खुर्च्या कमी पडतायत.

खुर्च्या पुरेशा होत्या.

मी मुलांच्या टॉयलेटमध्ये जाऊन हात धुतले. पहिलीतल्या पोरांच्या उंचीची बेसिनं, मला कमरेत वाकावं लागलं. अक्षतांच्या कुंकवाचा लाल डाग तळव्यावरून लवकर जाईना. आरशात तोंड दिसत नव्हतं, आरसाही खालीच. बरं झालं.

पार्किंगमध्ये काकू मागून आल्या. हातात डबा. म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस, माझं स्वतःचं काही नाही गं, पण सगळ्या प्रकारचे लोक असतात ना. मी डबा घेतला. थँक यू म्हणाले. परतीच्या वाटेवर उमेदवार खुशीत होता. मी काश्यप, मी काश्यप, असं दोनदा म्हणाला आणि मला विचारलं, बरोबर म्हणतोय का. तो श चुकवत होता. मी त्याला उच्चार शिकवला. प्रचाराची गाडी चालवता चालवता, नीट, दोन-तीन वेळा म्हणून दाखवून.

या सगळ्यात सर्वांत जास्त लाज कशाची वाटते ते अजून ठरत नाही. बहुतेक त्या उच्चाराची.

पुढच्याच आठवड्यात, गुरुवारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये उमेदवाराचा मोठा कार्यक्रम होता. श्रद्धा आणि स्वातंत्र्य. स्टेजवर वेगवेगळ्या धर्मांची माणसं, प्रत्येकाला दोन मिनिटं. भारतातर्फे मी बोलणार, असं ब्रायनने महिन्यापूर्वी कबूल केलं होतं. मी तयारीही केली होती. सोमवारी त्याने मला बोलावलं. काकूंचा फोन येऊन गेला होता. मी समाजाची प्रतिनिधी नाही, असं त्यांचं म्हणणं.

ब्रायन वाईट माणूस नव्हता. त्याने मला कॉफी दिली आणि म्हणाला, हे बघ, ती खुर्ची हिंदूंची आहे, तू हिंदू म्हणून बोलशील का, दोनच तर मिनिटं.

मी म्हटलं, मग मला बौद्धांच्या खुर्चीवर बसव.

"ती तैवानच्या मंदिराला दिलीय."

"त्यांच्याशेजारी बसेन."

"पण तू तैवानी नाहीस," ब्रायन म्हणाला. अगदी मनापासून गोंधळून.

म्हणजे हिशोब असा. हिंदू म्हणून खोटं बोलले तर स्टेज. खरं बोलले तर माझ्या धर्मात मी बसत नाही, कारण माझा चेहरा चुकीच्या देशाचा. मला दुसरं काम मिळालं. प्रेक्षकांत फिरता माइक घेऊन फिरायचं, ज्याला प्रश्न असेल त्याच्यापुढे धरायचा. मी हो म्हटलं. तेव्हाही हो म्हटलं.

गुरुवारी हॉल भरला होता. पाद्री बोलले, रब्बी बोलले, तैवानच्या बाई दोन वाक्यं बोलून बसल्या. मग काकू. काठापदराची साडी, इंग्रजी स्वच्छ. म्हणाल्या, आमच्याकडे धर्म जन्माने मिळतो, कुणी कुणाला ओढत नाही, म्हणून आमच्यात भांडणं नाहीत. आमच्या दारी सगळ्यांचं स्वागत, यांना विचारा, परवाच यांना आम्ही आपल्यात घेतलं. उमेदवार हात जोडून उठला. काश्यप, म्हणाला. उच्चार अचूक होता.

मग त्याने समारोप केला. म्हणाला, काकूंनी माझ्या मनातलं सांगितलं, धर्मस्वातंत्र्य म्हणजे दुसरं काय, आईवडिलांनी दिलेल्या श्रद्धेने प्रत्येकाला जगता यावं.

आईवडिलांनी दिलेल्या.

तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने प्रश्नासाठी हात वर केला होता. मी त्याच्यापर्यंत पोचले होते. माइक त्याच्यापुढे धरला नाही. स्वतःच्या तोंडाशी धरला.

म्हटलं, मी बौद्ध आहे. माझ्या आजोबांना त्यांच्या आईवडिलांनी जो धर्म दिला, त्यात त्यांना देवळाची पायरी चढायची मनाई होती. छप्पन साली नागपुरात त्यांनी तो टाकला. शनिवारी गणपतीच्या स्टेजवर माझ्या हातातल्या अक्षता परत घेतल्या गेल्या आणि मी यांना खोटं सांगितलं की खुर्च्या कमी आहेत. आता खरं सांगतेय. उमेदवाराला माझा प्रश्न आहे. जन्माचा धर्म टाकायचं स्वातंत्र्य तुमच्या स्वातंत्र्यात येतं का? हो की नाही?

 काकू स्टेजवरून मराठीत म्हणाल्या, "अगं, हे आपलं घरातलं आहे. यांच्यासमोर कशाला?"

मी तेही इंग्रजीत करून माइकमध्ये सांगितलं. शब्दन् शब्द.

उमेदवार हसला. त्याचं हसू फार चांगलं होतं. म्हणाला, या हॉलमध्ये आपण सगळेच श्रद्धावान माणसं आहोत, आणि हेच अमेरिकेचं सौंदर्य आहे. टाळ्या. मोठ्या. काकूंनीही वाजवल्या. मी परत विचारलं, हो की नाही. तोवर ब्रायनने माइक बंद करायला लावला होता. मी तसंच विचारलं. मोर्च्यात कमावलेला आवाज आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पण लोक उठायला लागले होते, कॉफीकडे.

माझ्याशी कुणी भांडलं नाही. कुणी माझ्या बाजूनेही उभं राहिलं नाही. हॉलमध्ये निदान दहा मराठी माणसं होती. एकजण, माझ्याच वयाचा, पुण्याचा, दारापाशी म्हणाला, "यार, पॉइंट बरोबर होता, पण टाइमिंग चुकलं." मी त्याला विचारलं, बरोबर टाइमिंग कधी असतं. तो घड्याळाकडे बघायला लागला.

बॅज ब्रायनच्या टेबलावर ठेवला आणि बसने घरी आले. नोव्हेंबरात उमेदवार निवडून आला. मंडळाकडून मला ई-मेल येणं बंद झालं. लाज गेली नाही. ती हॉलमधल्या दोन मिनिटांनी धुऊन निघेल असं वाटलं होतं, तसं होत नाही. पण एक ठरलं. यापुढे माझ्या धर्माचं नाव मी सांगेन, दुसरं कुणी नाही. आणि कुणाला बरं वाटावं म्हणून मी भाषांतर करणार नाही. कुणाहीसाठी.

मी इथे व्हिसावर आहे. मला मत नाही. तुम्हाला आहे. हे वाचणाऱ्यांत एडिसनचे आहेत, पार्सिपनीचे आहेत, क्युपर्टिनोचे आहेत, सिटिझन झालेले आहेत, मुलांना इथली घटना तोंडपाठ करायला लावणारे आहेत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार तुमच्या मंडळात येईल, शाल घेईल, फोटो काढेल. तेव्हा सगळ्यांदेखत उभे राहा आणि त्याला विचारा, जन्माचा धर्म टाकणाऱ्याला आणि कुठलाच धर्म न धरणाऱ्याला तुमच्याशेजारी खुर्ची आहे का. तो हसेल. परत विचारा. मग वळा आणि तोच प्रश्न मराठीत तुमच्या अध्यक्षांना विचारा. दोघांच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय मत देऊ नका.