काशीची सोयरीक आणि घड्याळातली स्प्रिंग

सन १९३८, मार्गशीर्षातला रविवार. हजर : आई, धाकटी बहीण काशी आणि मी, पाहुण्यांकडून संकेश्वरच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर आणि त्यांचे वडील, कणकुंबीचे आप्पा. गैरहजर : आमच्या भिंतीवरच्या घड्याळातली स्प्रिंग.

नवरामुलगा इंग्रजीचा मास्तर, म्हणजे मुलगी बघताना इंग्रजी विचारणारच! म्हणून सकाळपासून मी काशीची तयारी घेत होतो. दुपारी 'स्प्रिंग' शब्दाशी आलो. मूळ अर्थ, उसळून वर येणं. पाणी उसळलं की झरा, पालवी उसळली की वसंत, माणूस उसळला की उडी.

"आणि घड्याळातली रं, अण्णा?"

"दाखवतोच!" (इथं थांबायला हवं होतं.) मागचं झाकण काढलं, एक स्क्रू फिरवला, आणि स्प्रिंगनं आपला मूळ अर्थ सिद्ध केला. ती थेट आईच्या पोह्यांच्या परातीत!

तेवढ्यात दारात पाहुणे. मी झाकण दाबून घड्याळ परत टांगलं. काटे पावणेचारावर.

आप्पांनी बसतानाच बजावलं, "साडेचारला राहुकाळ लागतोय. त्याच्या आधी काय ते व्हय-न्हाय. थोरल्या पोराची सोयरीक राहुकाळात बोललो, ती मोडली." मग मधूनमधून घड्याळाकडं बघायचे, "लई येळ हाय अजून!" म्हणायचे आणि आणखी पोहे मागायचे. मास्तरांनी इंग्रजीचं अक्षर काढलं नाही. पोहे कुणी केले, एवढंच विचारलं. काशी हसली, तेही हसले. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"पसंत हाय!" म्हणत आप्पांनी साखर तोंडात टाकली, आणि शेजारच्या घरातल्या घड्याळानं पाचचे टोले दिले!

आप्पांना साखर गिळवेना की थुंकवेना. "राहुकाळात शब्द गेला की रं!"

आईनं साखरेची वाटी मागं घेतली. मी आमच्या घड्याळाकडं असा बघत होतो, जणू ते पाहुण्यांनीच आणलंय.

काशी मान खाली घालून म्हणाली, "मामा, कणकुंबीत लई झरे हाइत म्हणं. राहुकाळात ते वाहायचं थांबतात व्हय?"

आप्पा तिच्याकडं वळले. मग साखर गिळली. "न्हाय गं पोरी. झऱ्याला कुठला राहुकाळ!"

"पाच वाजत आलेत, हे मला ठाऊक होतं," मास्तर खिशातलं घड्याळ चाचपत पुटपुटले. "पण उठावंसंच वाटंना."

आता काशीची पोरं शाळेत जातात. तिच्या लग्नाआधी मी घरातल्या कामांची यादी केली होती, तिच्यातली बाकी सगळी कामं झाली. आमच्या भिंतीवर मात्र अजून पावणेचारच. स्प्रिंगचे सगळे अर्थ मला पाठ आहेत. ती बसते कुठं, तेवढं शोधायचं राहिलंय!