काळे पेले आणि परतलेला कांदा

आमचे हे सव्वीस वर्षं रोज पोर्ट वाइन चाखतात आणि एक घोटही पीत नाहीत. शेजारणीला हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. अहो, हुंगायची, तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची, असलं काम आहे ते! वाइनच्या गोदामात कोणतं पिंप तयार झालं हे यांनी सांगायचं. सगळी मदार नाकावर, आणि त्या नाकाचे लाड माझ्या डोक्यावर. वासाचा साबण नको, पावडर नको. कांदा तर घरात परतायचाच नाही! लग्नाआधी कळलं असतं तर मी विचार करायला वेळ मागून घेतला असता.

संध्याकाळी घरी आले की बाही माझ्या नाकापुढे. "ओळख!" बाहीवर दोन थेंब सांडलेले असायचेच. पोर्टच्या तीन जाती. लाल कोवळ्या रुबीला ताज्या चेरीचा वास, सगळा तरणाताठा कारभार. टॉनी वर्षानुवर्षं लाकडी पिंपात बसून शहाणी झालेली, तिला अक्रोडाचा आणि करपलेल्या साखरेचा. पांढरीला मध आणि संत्र्याची साल. मी चुकले की हे मास्तरांसारखी मान हलवायचे. पुढे मी चुकायचीच बंद झाले, तर त्याचाही यांना राग!

यंदा यांना जबरदस्त सर्दी झाली आणि गेली. एका रविवारी हे बाहेर गेलेत असं समजून मी मस्त कांदा परतला. ताटली घेऊन बाहेर येते तर हे खुर्चीत पेपर वाचताहेत! आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी जागीच थिजले. यांनी मान वर केली.

"चहा टाकतेस का गं?"

मी ताटली यांच्या नाकाखाली धरली. "अहो, तुम्हाला वास येत नाही?"

"तीन आठवडे झाले," हे हळूच म्हणाले. "गुरुवारी गोदामाच्या मालकीणबाई माझी वार्षिक परीक्षा घेणार. नापास झालो तर लेबलं चिकटवायला बसवतील."

इतका केविलवाणा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. मी तिथल्या तिथे खोकल्याची खूण ठरवली.

रंग दिसू नये म्हणून परीक्षेत पेले काळे असतात. गुरुवारी मी डबा द्यायच्या निमित्ताने गेले आणि पेले यांच्या हातात द्यायला थांबले. देता देता हुंगायचं आणि खोकायचं. एक खोकला रुबी, दोन टॉनी, तीन पांढरी. पहिले दोन पेले झकास पार पडले. तिसरा मी जरा जास्तच जोरात हुंगला आणि मेला खराच ठसका लागला! थांबेचना. हे बिचारे मोजत राहिले.

"सहा," हे म्हणाले.

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "काका, सहा नावाची पोर्ट मी विकत नाही."

हे उठून उभे राहिले. "बाई, नाक गेलंय माझं. आधीची उत्तरं हिची आहेत."

"आणि या पेल्यात काय आहे, काकू?"

"टॉनी," मी डोळे पुसत म्हटलं. "जुनी आहे चांगली."

बाई हसल्या, पण हिशेबाच्या पक्क्या. दोन महिने काकांना रजा, तोवर काकूंनी हुंगायचं. तेवढ्या दिवसांत नाक परत आलं नाही, तर काकांना लेबलं.

मग रोज संध्याकाळी मी घरी येऊन बाही पुढे करायचे. "ओळखा!" हे हुंगायचे आणि नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे. मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम कांदा परतायचे, चांगला खरपूस. बाहेरून काही आवाज यायचा नाही. पन्नासेक दिवस असेच गेले. कांदे संपले, आणले, पुन्हा संपले.

मुदतीला चार दिवस उरले होते. कांदा तव्यावर पडला आणि बाहेरून गर्जना झाली, "अगं ए! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कांदा? या घरात?"

सव्वीस वर्षांत इतकं गोड मला कोणी ओरडलं नव्हतं. मी आणखी एक कांदा चिरायला घेतला.