साडेपाचशे फुटांचं घर

छापलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माणिकपूरला आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. सगळी इमारत त्यांना काका म्हणायची. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांची सगळी नावं, काका काही सोडत नसत. एकदा स्टँडवर रिक्षाच्या दरपत्रकाखालची टीप त्यांनी इतका वेळ वाचली की मागची माणसं दुसऱ्या रिक्षांत बसून निघून गेली. घरपट्टीसाठी ते दर महिन्याला एका पाकिटात थोडे पैसे टाकत. "वर्षातून एकदा येते म्हणून लोक दचकतात," ते म्हणायचे. "दिवाळीही एकदाच येते. तिच्यासाठी भिशी लावता ना?"

मी तेव्हा विशीत होतो. पत्रकं वाचून वाढलेला आणि आता स्वतः लिहायला लागलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पालिकेच्या नव्या आकारणीच्या नोटिसा आल्या, सगळ्यांची घरपट्टी चढली, आणि मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'ही वसुली की लूट?' असा मथळा. सह्यांसाठी वर गेलो, तर काकांनी पत्रक बाजूला ठेवून नोटीस मागितली. मी ती वाचलीच नव्हती, नुसता आकडा पाहिला होता.

"लिहिणाऱ्यानं आधी वाचावं रे," म्हणत त्यांनी मागच्या बाजूपासून सुरुवात केली. घर वर्षाला किती भाड्यानं जाईल याचा पालिका अंदाज बांधते, कर त्या अंदाजावर बसतो, आणि अंदाज क्षेत्रफळावर, असं त्यांनी मला सावकाश समजावलं. मग एका रकान्यावर बोट ठेवलं. "साडेपाचशे फूट. हे कुणी सांगितलं त्यांना?"

आम्हीच सांगितलं होतं. मोजणीचा कारकून दारात आला, तेव्हा घरोघरी बिल्डरचा आकडा अभिमानानं सांगितला गेला. त्यात भिंती, जिना आणि गच्चीवरच्या टाकीचाही वाटा होता. हरकत घ्यायला आता एकच आठवडा उरला होता.

सगळ्यांनी अर्ज भरले. तळमजल्यावरच्या मावशींनी मात्र नकार दिला. त्यांचे यजमान, इमारतीचे भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेले होते, पेन्शन तुटपुंजी होती. "ह्यांनी साडेपाचशेचं घर घेतलं, गावी सगळ्या चिपळूणला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ते मी कागदावर कमी करू? नाही परवडलं तर घर भाड्यानं देईन नि भावाकडे जाईन."

काकांनी वाद घातला नाही. टेप घेऊन गेले, दुसरं टोक मावशींच्या हातात दिलं, आणि आकडा न उच्चारता अर्जावर लिहून कागद देव्हाऱ्यापाशी ठेवला. "सही तुमची, वहिनी. घाई नाही."

सही झाली. सुनावणीला आम्ही सगळे बाकांवर बसलो होतो. काका पहिले उठले.

"माझं घर तीनशे ऐंशी फूट आहे. आणि गॅलरी बंद करून घेतलीय, तीही धरा."

मी त्यांचा सदरा ओढला. गॅलरीचं कुणी विचारलंच नव्हतं.

"मग आधी साडेपाचशे कसं सांगितलंत?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"सासरे समोर बसले होते, साहेब."

सगळे हसले, अधिकारीसुद्धा. त्या हसण्यातच मावशी उभ्या राहिल्या. "माझंही तेवढंच," एवढंच म्हणाल्या.

परतताना आम्ही तिघं एका रिक्षात होतो. "ह्यांना वाईट वाटलं असतं," मावशी म्हणाल्या.

काका बाहेर बघत म्हणाले, "वहिनी, ताबा मिळाला त्याच आठवड्यात भाऊंनी माझ्याकडून घर मोजून घेतलं होतं. दोनदा. म्हणाले, हिला सांगू नका, फार खुशीत आहे."

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं हो. पलंग आत जाईना." मग म्हणाल्या, "पण ते इतके खुशीत होते."

मावशींचा कर उतरला आणि त्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. काका त्यांच्या आधी गेले. मी त्या काळात लिहिलेलं एकही पत्रक आज मला आठवत नाही. रिक्षात शेजारी शेजारी बसलेली ती दोघं मात्र आठवतात.