बिनपाण्याचा प्लॉट

मंगळवार, चैत्र वद्य तृतीया. ऊन कडक, आभाळात ढग नाही, वारा पडलेला.

कोरडवाहू लोकांच्या जनावरांना चारा मिळावा म्हणून आम्ही निरवांगीत चारा-बियाण्याचा गट काढला. गटाकडे बी फारसं साठलं नाही, किस्से मात्र पोत्यानं साठले. आमचे अध्यक्ष तात्या ते चहाच्या टपरीवर रंगवून सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. गटाची वही मी लिहितो, म्हणून मला सगळे ‘वहीवाले’ म्हणतात. आज तेच किस्से मी वही उघडून सांगतो. शेवटचा तात्यांना अजून माहीत नाही.

*

पहिला कार्यक्रम हत्तीगवताच्या कांड्या लावण्याचा. माहितीपत्रक मी तीनदा वाचून पाठ केलं होतं. चित्र समोरच्यांना दिसावं म्हणून पत्रक त्यांच्याकडे वळवून धरलं आणि वरून बघत बघत एक अख्खी ओळ लावून दाखवली.

बांधावर सिंधूमावशी बसल्या होत्या. त्यांचं दोन एकर मुरमाड रान आणि एक गाय. त्या म्हणाल्या, “वहीवाले, शेंडा खाली आन् बूड वर लावलंय तुमी.”

तात्या लगेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. खाली उगवलं तर उंदरांची सोय हुईल.”

*

मग बियाण्याची पोती आली. आम्ही मागवलं होतं कमी पाण्यावरचं कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी. टेम्पो उतरवून झाल्यावर मी पिशवीमागचं बारीक अक्षर वाचलं. ‘बागायतीसाठी. दर दहा दिवसांनी पाणी द्यावे.’

तात्यांना दाखवलं. टेम्पोवाला दोर गुंडाळून निघायच्या बेतात होता. परत पोती चढवायची कुणी?

“बी त्ये बी,” तात्या म्हणाले. “मातीला कुठं वाचता येतंय?”

मला येत होतं. मी वहीत ‘पोती मिळाली’ एवढंच लिहिलं.

*

रस्त्याकडेच्या माझ्या तुकड्यात ते पेरून प्लॉट केला आणि मोठा बोर्ड लावला : ‘बिनपाण्याचा चारा’. आषाढ कोरडा गेला. प्लॉटमध्ये बोर्ड तेवढा उभा राहिला. त्याच्या सावलीला कुणीतरी शेळी बांधून जायचं.

तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “बोर्डाचं बी चांगलं निघालं.”

*

श्रावणात पाहुणे येणार असं कळलं. बारामतीकडून दोन गाड्या, त्यात साहेब लोक. पहाटे तात्यांनी स्वतःच्या पाटाच्या पाण्यावरच्या रानातलं हिरवंगार कडवळ कापून ट्रॉली भरून आणलं. पहारीनं भोकं पाडायची, एकेक ताट खोचायचं आणि पायानं माती दाबायची. ओळी वाकड्या दिसू नयेत म्हणून दोरी मी धरली. अंतरही मीच मोजलं, नऊ इंच.

साहेब खूश झाले. फोटो निघाले. तेवढ्यात शेळीनं एक ताट तोंडात धरून ओढलं, ते मुळाशिवाय अलगद वर आलं.

“भुसभुशीत जमीन हाय, साहेब,” तात्या म्हणाले.

हा किस्सा टपरीवर सगळ्यात जास्त चालतो.

*

पुढचं तात्या सांगत नाहीत, कारण ते साहेबांना चहाला घेऊन गेले होते. बाकीचे पांगल्यावर सिंधूमावशी एकट्याच प्लॉटच्या कडेला येऊन थांबल्या होत्या. त्यांचं रान गावाच्या दुसऱ्या टोकाला, टपरीवर त्या फिरकत नाहीत; आधीचा कोरडा प्लॉट किंवा शेळीचा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता.

“वहीवाले, खरं सांगा. ह्याला पाणी किती दिलं?”

“एकदाही नाही,” मी म्हणालो.

“येक बी पाळी न्हाय?”

“नाही, मावशी. वहीत बघा हवं तर.”

यात एक शब्दही खोटा नव्हता.

त्यांनी वही बघितली नाही. “तुमी म्हनताय म्हंजी झालं,” म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत सगळी ताटं माना टाकून पडली होती. ती उपटून तात्यांच्या गोठ्यात टाकली.

*

भाद्रपदात मावशी बी न्यायला आल्या. दोन्ही एकरांत हेच पेरणार होत्या.

“शाळू?” मी विचारलं.

“औंदा न्हाय. गाय गाभन हाय. ज्वारी इकत आनता येती, हिरवा चारा कुटला गावतोय? हे बिगरपान्याचं हाय न्हवं?”

काटा माझ्या हातात होता. पिशवीमागचं अक्षर माझ्या बाजूला होतं. सांगायला एवढा एक क्षण पुरला असता. मी बी मोजून दिलं आणि वर ओंजळभर जास्त टाकलं.

शेजाऱ्याच्या शाळूला कणसं आली, कडबाही निघाला. मावशींच्या दोन एकरांत सगळ्या मिळून तीन पेंढ्या झाल्या.

*

आज सकाळी मावशी माझ्या दारात आल्या. हातात सुताची दोरी, दोन्ही टोकांना खुंट्या बांधलेल्या.

मी उभा राहिलो. “मावशी, ते बी—”

“बियाला बोल न्हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हितं तसंच बी बिगरपान्याचं डोक्याएवढं झालं, मी डोळ्यानं बघितलंय. माझंच पेरायचं चुकलं. मी इस्कटून पेरलं. तुमच्या वळी कशा दोरीवर धरल्यावानी व्हत्या. आता पेरायचं न्हाय, नुसतं दाखवा. पाऊस आल्यावर पुन्यांदा चुकाया नको.”

त्यांनी एक खुंटी माझ्या हातात दिली.

मावशींच्या रानात आम्ही चार ओळी आखल्या. अंतर नऊ इंच. गाय काल बावड्याला, त्यांच्या बहिणीकडे, निम्म्या वाट्यानं गेली; चारा बहिणीचा, दूध निम्मं-निम्मं.