तळ्यावरची खोली

सोनीबाई आंबेगावच्या डोंगराकडची. भात आणि नाचणीवर तिचं घर चालायचं. धरणाचं पाणी चढत गेलं आणि गाव बुडालं. स्वतःचा उंबरा पाण्याखाली जाताना तिनं टेकडीवरून पाहिला. मग नवरा गेणू आणि लहानग्या उज्ज्वलाला घेऊन ती जुन्नरला आली. साल असेल सत्त्याण्णव.

शहराच्या कडेला एका तळ्यापाशी काम निघालं होतं, तिथं दोघं मजुरीला लागली. पहिल्याच सकाळी ट्रॅक्टर काठावर आला, ट्रॉली उचलली गेली आणि सगळा मुरूम पाण्यात गेला. ड्रायव्हर चुकला असं वाटून सोनीबाई मुकादमाकडे, भिमाजीकडे, धावली.

"भाऊ, मुरूम पाण्यात वतला की त्यानं."

"मग कुठं वतायचा? तळं बुजवायचंय. हितं बंगले व्हणार."

 गेणू तिच्या मागोमाग आला होता. तो म्हणाला, "पाणी बुजवता येतं व्हय? मग आमचं गाव कशापायी बुडवलं?"

 भिमाजीनं पुढच्या ट्रॉलीला हात केला.

गेणूनं त्याच दिवशी काम सोडलं आणि धरणाच्या काठी, बुडालेल्या गावाच्या वर, झोपडी घातली. "तू बी चल," तो म्हणाला. सोनीबाई गेली नाही. पोरीची शाळा होती. मुरूम पसरताना चिखलातले मासे पायाखाली तडफडायचे. 

वसाहत उभी राहिली. सोनीबाई तिथंच धुणीभांडी करू लागली. पुढे उज्ज्वला नर्स झाली आणि दोन हजार नऊमध्ये तिनं त्याच वसाहतीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावरची खोली भाड्यानं घेतली. सोनीबाई दारातच थबकली.

"आई, आत ये ना."

"पोरी, दुसरीकडं न्हाई का गं मिळाली?"

"हीच परवडते."

ती आत गेली, पण कितीतरी दिवस ती फरशीवर पाय जपून टेकवायची. पावसाळ्यात भिंतींना ओल चढली, तेव्हा तिनं खाटेखाली विटा लावल्या.

दिवाळीत गेणू लेकीची खोली बघायला आला. चहा समोर गार होत होता, तो फरशीकडेच बघत होता.

"मासं कुठं गेलं गं सगळं?"

"हितंच हायती," सोनीबाई म्हणाली. "खाली."

गेणूनं पाय वर घेतले. संध्याकाळच्या एसटीनं तो परत गेला. सोनीबाई त्याला स्टँडवर सोडून आली आणि खोलीत न जाता अंधार पडेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिली.