सांगावा नाही तो

दुमूगोल गावचा सरपंच प्यो गिलसू वीस वर्षं गावाशी भोंग्यावरून बोलत आला. रोज सकाळी दोनदा फुंकर मारायची, "आ, आ, येतंय का ऐकू?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलायचं. भोंग्याला कोण उत्तर देणार? म्हातारा बे आपल्या खोलीत मरून पडला, तेव्हाही सलग अकरा दिवस सकाळी भोंगा त्याच्या छपरावरून बोलत राहिला होता. बाराव्या दिवशी दार फोडलं. त्या दिवसापासून गिलसूच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली: आता या गावात असं कुणी पडून राहायचं नाही.

म्हणून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी सरकारी डबे बसले, तेव्हा त्याला मनापासून बरं वाटलं. एकतीस घरं, एकतीस डबे. गिलसू फोनमध्ये एकदा बोलला की एकतीस खोल्यांत एकाच वेळी त्याचा आवाज निघे. आणि घरात कुणी हिंडताफिरताना डब्याला जाणवलं, की डबा उलट निरोप धाडी. फोनवर त्या घराचा ठिपका हिरवा होई.

सगळे ठिपके एकदम हिरवे होत नसत. जिल्हा कार्यालयातली सोलबी त्याला म्हणाली होती, "सगळे एका दमात बोलले तर कुणाचंच कळणार नाही ना, काका. म्हणून प्रत्येक डबा मनाला येईल तेवढा थांबतो, मग बोलतो."

"म्हणजे आमच्या पंचायतीपेक्षा शहाणे आहेत," गिलसू म्हणाला.

एक इथे, एक तिथे, मग ओढ्यापलीकडे तीन. धुक्यातून माणसं अंगणात यावीत तसे ते ठिपके उजळत. तीस उजळले की गिलसू बूट घाली. एकतिसावा कधीच उजळत नसे.

तो सोंगजाँगकाकूंचा. सासरी त्यांना सगळे माहेरच्या गावाच्या नावानेच ओळखत. यादीतलं यांग बुननाम हे नाव कुणाचं, हे आधी गिलसूलाही कळलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू झोपायच्या आधी घरातलं एकूणएक बटण बंद करत, प्लग उपसत. डब्याचाही.

"काकू, हा काढायचा नसतो हो! किती वेळा सांगू?"

"रात्रभर काय काम आहे त्याला? नुसता डोळा वटारून बसतो. वीज खातो फुकटची."

"तुम्ही आहात की गेलात, ते बघायला बसवलाय."

"ते बघायला तू येतोसच की. बस. चहा निवतोय."

जवाच्या चहाचे दोन पेले आधीच मांडलेले असत. वर छताला सोयाबीनच्या वड्या टांगलेल्या, खोलीभर त्यांचा आंबूस वास. गिलसू कुरकुरत प्लग लावी, चहा पिई आणि निघे. दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा काळा.

शरद सरता सरता शेजारच्या तीन गावांना सरपंच उरला नाही. तीही गिलसूच्या गळ्यात पडली. एकाच गटात एकशे अठरा घरं झाली. उत्तरं वाटेत अडकू लागली. जित्याजागत्या, भांडकुदळ माणसांचे ठिपकेही काळे दिसत. दुखरा गुडघा धरून गिलसू चार गावं हिंडे आणि दारोदारी शिव्या खाई: "मेलो नाही रे अजून, एवढी घाई कसली?"

सोलबीने तोड काढली. "ज्या घरी काही बिघडलं असेल, तिथलाच डबा बोलेल. बाकीचे गप्प. करू का तसं, काका?"

गिलसूला गुडघा आठवला. गावातली जुनी म्हणही आठवली. "कर. सांगावा नाही तोच चांगला सांगावा."

त्यानंतर सकाळी फोन गप्प असे. तो निवांत जेवू लागला. बसथांब्यावर एकदा सोंगजाँगकाकू भेटल्या, पाठीवर कोबीचं गाठोडं.

"हल्ली फिरकत नाहीस रे."

"आता गरज नाही काकू. काही झालं तर डबाच कळवतो."

"हो का?" काकूंनी गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बरं झालं. तुझा गुडघा वाचला."

प्लगची आठवण त्याला तेव्हा झाली नाही. बस आली.

बारावा महिना लागला, बर्फ पडलं. गिलसू फोनमध्ये म्हणाला, "अंगणात उतरू नका, पाय घसरेल." एकशे अठरा घरं गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवरून जाताना काकूंच्या फाटकापुढचं बर्फ त्याला जसंच्या तसं दिसलं. काकू पहाटेच झाडणाऱ्या.

त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला होता. पहिला पूर्ण दिवस तरी त्या जिवंत असाव्यात. खोलीत डब्याची वायर नीट गुंडाळून, रबर लावून फळीवर ठेवलेली होती. खाली बैठ्या मेजावर दोन पेले पालथे घातलेले.

गावात कुणी गिलसूला बोल लावला नाही. सोलबी मात्र फोनवर रडली. "काका, बंद पडलेला डबा काही बिघडलंय हे तरी कसं सांगणार? मला सुचायला हवं होतं."

"तुला कसं सुचणार, पोरी? तिच्या घरचा चहा तू कुठे प्यायलीस?"

मग तो म्हणाला, "पहिल्यासारखं कर. चुकीचे काळे दिसले तरी चालतील. मी जाईन."

आठवड्याने काकूंचा डबा परत न्यायचा होता. चालतो की नाही बघून ठेवा, असं कार्यालयाने कळवलं. गिलसूने तो आपल्या घरी आणला, भिंतीला लावला आणि रोजच्यासारखा सकाळचा निरोप सांगितला. स्वतःचाच आवाज त्याला शेजारून ऐकू आला. फोनवर ठिपके उजळू लागले, एक इथे, एक तिथे. तो बूट घालायला वाकला, तेवढ्यात यांग बुननाम या नावापुढचा ठिपका हिरवा झाला.

गिलसूने प्लग उपसला. मग गुडघा धरून उठला आणि बाहेर पडला.