अंबारीची चढण

संस्थानच्या जुन्या राजवाड्याच्या बागेत ‘सर्व मुलांसाठी’ साहसी खेळांचं मैदान झालंय असं कळलं, म्हणून व्हीलचेअरवरच्या माझ्या भाचीला, मुक्ताला, घेऊन गेलो. झाडांमधून दोरांचे पूल होते, फांद्यांवर लाकडी घरं होती आणि जिकडेतिकडे पायऱ्या होत्या. मुक्तासाठी एक गुळगुळीत रॅम्प होता. तो कठडा लावलेल्या एका ओट्यावर जाऊन संपत होता.

“इथून यांना सगळा खेळ छान दिसतो,” मैदानाचा आराखडा करणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

“बघायला घरी टीव्ही आहे,” मुक्ता म्हणाली.

बाई हसल्या. त्या हसण्याने माझं डोकं सणकलं.

लग्नातही आपण हेच करतो. चालता न येणाऱ्या माणसाला पहिल्या रांगेत बसवतो, ताट हातात आणून देतो आणि वरात निघाली की त्याला तिथेच विसरून जातो. वर याला सोय म्हणतो, आणि आभाराची वाट बघतो.

“रॅम्प झाडापर्यंत का नाही नेला?” मी विचारलं.

“ऐतिहासिक वास्तू आहे हो. इथे तसलं काही शोभत नाही.”

निघताना फाटकाजवळ एक रुंद दगडी चढण दिसली, साखळी लावून जपलेली. हिच्यावरून महाराज थेट हत्तीवरच्या अंबारीत जाऊन बसत, असं पाटीवर होतं. मुक्ताने पाटी मोठ्याने वाचली.

“मामा, राजाला पायऱ्या चढता येत नव्हत्या?”

“येत होत्या की.”